अल्लाहला सगळं आधीच माहीत आहे, मग माणसाला जाब कशाचा? इल्म, तकदीर आणि मंतिक

"सर, उद्या मी काय करणार ते अल्लाहला माहीत आहे ना? मग उद्या मी खोटं बोलणार असेन तर तेही त्याला माहीत आहे. मग मी खरं बोलूच कसा शकतो?" आठवी-नववीतली मुलं हा प्रश्न हमखास विचारतात. कुठे नीट उत्तर मिळतं, कुठे "असले प्रश्न विचारायचे नाहीत" म्हणून गप्प बसवलं जातं. गप्प बसवणं मला पटत नाही. प्रश्न वात्रट नाही आणि नवाही नाही. इस्लामच्या पहिल्या शतकातच तो बसरा शहरात विचारला गेला होता, आणि आपल्या विद्वानांनी त्यावर मोठमोठे ग्रंथ लिहिले. मुलांना निदान एवढं तरी सांगायला हवं की तुमच्या आधी मोठमोठी माणसं इथेच अडखळली होती.

आपल्या महाड-पोलादपूर भागात हा प्रश्न वर्गापुरता राहत नाही. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री सावित्रीवरचा ब्रिटिशांच्या काळातला पूल वाहून गेला आणि दोन एसटी बस प्रवाशांसकट नदीत गेल्या. २८ जुलै २०१८ ला पोलादपूरहून महाबळेश्वरकडे जाताना आंबेनळी घाटात दापोलीच्या कृषी विद्यापीठातल्या कर्मचाऱ्यांची बस दरीत कोसळली. बसमधला एकच जण वाचला. २४ ऑगस्ट २०२० च्या संध्याकाळी महाडच्या काजळपुऱ्यात तारिक गार्डन ही पाच मजली इमारत पडली आणि १६ जणांचा मृत्यू झाला. २२ जुलै २०२१ ला महाबळेश्वरच्या डोंगरावर २४ तासांत जवळपास ६०० मिलिमीटर पाऊस पडला, महाड शहर पाण्याखाली गेलं, तळियेवर डोंगर आला आणि ऐंशीहून अधिक माणसं दगावली. त्याच पावसात पोलादपूर तालुक्यात केवनाळे आणि साखर-सुतारवाडीत दरडी पडल्या.

या प्रत्येक वेळी एक वाक्य ऐकू आलं: "लिहिलेलं होतं." मुसलमानांच्या घरात ऐकलं, शेजारच्या हिंदू-बौद्ध घरांतही ऐकलं. पण हे एकच वाक्य दोन तोंडांतून दोन अर्थांनी निघतं. ज्या आईचं लेकरू गेलं ती म्हणते तेव्हा तो सब्र असतो, त्यावर कोणी वाद घालू नये. ज्याने काँक्रीटमध्ये माल कमी घातला तो म्हणतो तेव्हा मात्र ती पळवाट असते. पहिल्याला हात न लावता दुसऱ्याचं तोंड कसं बंद करायचं, हा खरा पेच आहे, आणि तिथे मंतिक म्हणजे तर्कशास्त्र कामाला येतं.

आधी श्रद्धा काय सांगते ते

अल्लाहची एक सिफत, म्हणजे गुण, आहे इल्म: ज्ञान. सूरह अल्-अनआमच्या ५९ व्या आयतीचा आशय असा की जमिनीवर आणि समुद्रात जे आहे ते सर्व तो जाणतो, झाडाचं एक पानही त्याच्या माहितीशिवाय गळत नाही. तकदीर, म्हणजे कजा व कद्र, हा ईमानच्या सहा बाबींपैकी एक. ज्या प्रसिद्ध हदीसमध्ये जिब्रील (अलै.) माणसाच्या रूपात येऊन पैगंबर मुहम्मद (स.) यांना इस्लाम, ईमान आणि एहसान म्हणजे काय ते विचारतात, तिथे ही सहावी बाब आली आहे.

सहीह मुस्लिममध्ये ही हदीस ज्या निमित्ताने सांगितली गेली, ते निमित्त आपल्याच प्रश्नाचं आहे, हे फार जणांच्या लक्षात नसतं. बसऱ्यात माबद अल्-जुहनी नावाचा माणूस आणि त्याचे साथीदार म्हणू लागले होते की तकदीर वगैरे काही नाही, गोष्टी घडतात तेव्हाच नव्याने घडतात. दोन जण हजला किंवा उमऱ्याला निघाले असताना त्यांना हजरत अब्दुल्लाह इब्न उमर (रजि.) भेटले. त्यांनी विचारलं, असं म्हणणाऱ्यांचं काय? इब्न उमर यांनी त्या मताशी आपला काही संबंध नसल्याचं सांगितलं आणि मग वडिलांकडून ऐकलेली ही हदीस सांगितली. या लोकांना कदरिया म्हणतात. दुसऱ्या टोकाला जबरिया: जह्म इब्न सफवानसारखे, ज्यांच्या मते माणसाच्या हातात काहीच नाही, वाऱ्याने पान हलतं तसा तो हलतो. कदरियांनी माणसाला वाचवायला अल्लाहचं ज्ञान कमी केलं. जबरियांनी अल्लाहचं ज्ञान वाचवायला माणसाला दगड केलं. मुसलमानांच्या मोठ्या समुदायाने दोन्ही वाटा सोडल्या.

युक्तिवाद मांडून बघू

मंतिकची पहिली शिस्त अशी की समोरच्याचं म्हणणं पायरी-पायरीने लिहून काढायचं. मुलाचा प्रश्न तसा लिहिला तर असा दिसतो. पहिली पायरी: उद्या रफिक वरंध घाटातून पुण्याला जाणार, हे अल्लाहला माहीत आहे. दुसरी: अल्लाहला जे माहीत आहे ते घडलंच पाहिजे, कारण त्याचं ज्ञान चुकत नाही. निष्कर्ष: म्हणून रफिकला पुण्याला जावंच लागणार, घरी राहणं त्याच्या हातात नाही.

वाचताना बिनतोड वाटतं. गडबड "च" मध्ये आहे. मराठीत "च" लावायला फार सोपा, आणि तो नक्की कुठे लागलाय हे कोणी बघत नाही.

एक साधं उदाहरण घ्या. बिनलग्नाचा माणूस बिनलग्नाचाच असतो. यात शंका नाही, याच्या उलट होऊच शकत नाही. पण म्हणून शेजारच्या बिनलग्नाच्या मुलाचं लग्न होऊच शकत नाही, असं कोणी म्हणेल का? घरचे तर मुलगी बघतायत! "बिनलग्नाचा असेल तर बिनलग्नाचा असलाच पाहिजे" यातली सक्ती त्या "जर-तर" च्या जोडणीची आहे. ती त्या मुलाच्या आयुष्यावर बसलेली नाही.

तसंच इथे. "अल्लाहला माहीत आहे की रफिक जाणार, तर रफिक जाणार" ही जोडणी पक्की आहे, तुटूच शकत नाही. पण जोडणी पक्की असणं वेगळं आणि रफिकचं जाणं त्याच्यावर लादलेलं असणं वेगळं. रफिक घरी राहिला असता तर? तर अल्लाहला पहिल्यापासून हेच माहीत असतं की रफिक घरी राहणार. जोडणी तशीच पक्की राहते, फक्त माहिती वेगळी असते.

हा फरक मी शोधलेला नाही. अबू नस्र अल्-फाराबी, ज्यांचं निधन इ. स. ९५० मध्ये दमास्कसला झालं, त्यांनी अ‍ॅरिस्टॉटलच्या तर्कग्रंथावर भाष्य लिहिताना हा प्रश्न अल्लाहच्या ज्ञानाशी जोडून घेतला. एक गोष्ट दुसरीतून अटळपणे निघते, एवढ्यावरून ती गोष्ट स्वतः अटळ ठरत नाही, असा त्यांच्या उत्तराचा गाभा आहे. त्यांनी आणखी एक सांगितलं, ते शिक्षक म्हणून मला जास्त भावतं: माणसाची निवड खोटी ठरवणारं मत सगळ्याच धर्मांना आणि कायद्यांना घातक आहे, कारण मग शिक्षा आणि बक्षीस दोन्हींना अर्थ उरत नाही.

ज्ञान वस्तूच्या मागे चालतं

कलामच्या, म्हणजे इस्लामी श्रद्धाशास्त्राच्या, पंडितांचं एक छोटं सूत्र आहे. त्याचा अर्थ: इल्म हे मालूमच्या मागे चालतं, म्हणजे ज्ञान हे ज्ञात वस्तूचं अनुसरण करतं. आरसा चेहऱ्याप्रमाणे दाखवतो, चेहरा आरशाप्रमाणे बनत नाही. पंचांगात छापलं म्हणून ग्रहण लागत नाही, ग्रहण लागणार म्हणून ते छापता येतं. महाड आगारातल्या फळ्यावर वेळ लिहिली म्हणून गाडी सुटत नाही (ती लिहूनही कधी कधी सुटत नाही, तो भाग वेगळा).

ही उदाहरणं मुलांना पटतात, पण इथे थांबलं तर हुशार मूल पुढचा प्रश्न टाकतं आणि तो टाकायलाच हवा. पंचांग चुकू शकतं, वेळापत्रक चुकतं, आरसा वाकडा असू शकतो. अल्लाहचं ज्ञान चुकत नाही. शिवाय ते आधीपासून आहे. काल जे होतं ते आज कोणी बदलू शकत नाही. मग "रफिक जाणार" हे ज्ञान काल होतं, काल गेला, आता रफिक काय बदलणार?

याला दोन उत्तरं दिली गेली आहेत. एक असं की अल्लाहच्या ज्ञानाला "काल" लावणं हीच चूक आहे. काळ त्याने निर्माण केला, तो काळाच्या आत बसून पुढे बघत नाही. आपण घाटात गाडीत बसलेले असतो, पुढच्या वळणाला काय आहे ते दिसत नाही. वर कड्यावर उभ्या असलेल्याला आधीचं वळण आणि पुढचं वळण एकदमच दिसतं. रोमन विचारवंत बोएथियस याने सहाव्या शतकाच्या सुरुवातीला, तुरुंगात मृत्युदंडाची वाट बघताना, ख्रिस्ती बाजूने हेच उत्तर लिहिलं. दुसरं उत्तर असं की भूतकाळ बदलता येत नाही हे खरं, पण ते "काल" चं ज्ञान कोणतं होतं हेच मुळी रफिकच्या उद्याच्या निवडीवरून ठरलेलं आहे. त्यामुळे ते त्याच्या निवडीच्या आड येत नाही. मला पहिलं उत्तर समजायला सोपं आणि दुसरं जास्त चोख वाटतं. दोन्हींवर आक्षेप आहेत आणि तत्त्वज्ञानाच्या विभागांतून आजही त्यावर लिहिलं जातं. पण एवढं नक्की म्हणता येतं की "अल्लाहला माहीत आहे, म्हणून मी मजबूर" हा निष्कर्ष पायऱ्यांमधून आपोआप निघत नाही. तो काढायचा तर वेगळा पुरावा आणावा लागेल.

या चर्चेत आपल्या कोकणचाही एक माणूस आहे. माहीमचे मखदूम अली माहिमी (रह.), इ. स. १३७२ ते १४३१. त्यांच्या उरुसाला मुंबई पोलीस चादर चढवतात हे सगळ्यांना माहीत असतं. ते शाफई आलिम होते, त्यांनी अरबीत कुरआनची तफसीर लिहिली आणि ती १९ व्या शतकात इजिप्तमध्ये छापली गेली, हे मात्र कमी जणांना माहीत असतं. इब्न अरबींच्या "फुसूसुल हिकम" वरही त्यांनी भाष्य लिहिलं. ज्ञान हे ज्ञात वस्तूच्या मागे चालतं, हा विचार त्या ग्रंथात पुन्हा पुन्हा येतो. म्हणजे हा प्रश्न बगदाद-दमास्कसचाच होता असं नाही, माहीमच्या खाडीकाठीही तो सहाशे वर्षांपूर्वी अभ्यासला जात होता.

इमाम गजाली का चिडले

इथे इतिहासातला सर्वांत गाजलेला वाद आला पाहिजे. इब्न सिना (मृत्यू १०३७) यांना वेगळीच अडचण दिसली. जगातल्या गोष्टी बदलतात. सकाळी ग्रहण नाही, दुपारी आहे, संध्याकाळी सुटलं. हे जाणणाऱ्याचं ज्ञानही बदलणार. आणि अल्लाहमध्ये बदल होत नाही. म्हणून त्यांनी म्हटलं की अल्लाह एकेक घटना सर्वसाधारण नियमांच्या रूपाने जाणतो. खगोलशास्त्री जसा आकाशाची गती पूर्ण माहीत असल्याने अमुक स्थितीत ग्रहण होतं हे जाणतो, आत्ता चाललंय की नाही यावर त्याचं ज्ञान अवलंबून नसतं, तसं.

इमाम गजालींनी १०९५ च्या सुमारास "तहाफुतुल फलासिफा" लिहून फिलसूफांच्या वीस मतांवर टीका केली आणि त्यातल्या तीन मतांना थेट कुफ्र ठरवलं. त्या तिघांत हे एक. त्यांचा मुद्दा सरळ होता: अमुक माणसाने अमुक दिवशी नमाज पढली की चोरी केली, हे "अमुक माणूस" म्हणून अल्लाहला माहीत नसेल तर हिशोब कोणाचा होणार आणि दुआ कोण ऐकणार? काजळपुऱ्यातल्या ढिगाऱ्याखालून १८-१९ तासांनी एक लहान मुलगा जिवंत निघाला. त्या वेळी बाहेर उभ्या लोकांनी दुआ मागितली ती "सर्वसाधारण मुलासाठी" नव्हती.

बदलाच्या अडचणीवर गजालींचं उत्तर असं की वस्तूशी नातं बदललं म्हणून जाणणारा बदलत नाही. तुमच्या उजवीकडचा माणूस उठून डावीकडे बसला तर बदल त्याच्यात झाला, तुमच्यात नाही. पुढे इब्न रुश्द (मृत्यू ११९८) यांनी दोघांनाही टोकलं: आपलं ज्ञान वस्तूंमुळे होतं, अल्लाहचं ज्ञान हे वस्तूंचं कारण आहे. म्हणून "सर्वसाधारण" आणि "एकेक" हे आपल्या ज्ञानाचे प्रकार त्याला लावूच नका.

वाचकांनी इथे थोडं थांबावं. इब्न रुश्द यांचं हे म्हणणं वर दिलेल्या "ज्ञान वस्तूच्या मागे चालतं" या सूत्राच्या उलट जातं. हा खरा मतभेद आहे, तो झाकायचं कारण नाही. अल्लाहचं ज्ञान कारण आहे असं धरलं तर माणसाच्या निवडीचा प्रश्न पुन्हा उभा राहतो. म्हणूनच बहुतेक कलाम-पंडितांनी इल्म, इरादा आणि कुदरत, म्हणजे जाणणं, इच्छिणं आणि घडवण्याची ताकद, या तीन सिफती वेगळ्या ठेवल्या. घडवते ती कुदरत, इल्म फक्त जाणतं.

गजालींनी फिलसूफांना झोडपलं म्हणून ते तर्काचे शत्रू होते, असं काही जण सांगतात. ते बरोबर नाही. त्यांनी मंतिकवर स्वतंत्र पुस्तकं लिहिली, आणि "अल्-मुस्तस्फा" या आपल्या फिकहच्या तत्त्वांवरच्या ग्रंथाची सुरुवातच मंतिकच्या प्रकरणाने केली. ते शाफई होते. मंतिक शिकण्याविरुद्ध कडक फतवा देणारे इब्न अस्-सलाह (मृत्यू १२४५) हेही शाफईच होते. म्हणजे कोकणातल्या आपल्या मसलकमध्येच दोन्ही मतं आहेत. अल्जीरियाच्या अल्-अखदरींनी १६ व्या शतकात मंतिकवर पाठांतरासाठी पद्यात पुस्तक लिहिलं, त्यात ही मतं नोंदवून निवाडा असा दिला आहे की ज्याची बुद्धी पक्की आहे आणि ज्याला कुरआन-सुन्नतची ओळख आहे, त्याने शिकायला हरकत नाही. भारतात १८ व्या शतकात लखनौच्या फिरंगी महलमधून मुल्ला निजामुद्दीन यांचा दर्से-निजामी अभ्यासक्रम पसरला आणि त्यात मंतिकला भरपूर जागा होती. मुहिब्बुल्लाह बिहारी यांचं "सुल्लमुल उलूम" पिढ्यान्‌पिढ्या पढवलं गेलं. नंतर ही पुस्तकं बऱ्याच मदरशांत कमी होत गेली. माझ्या मते नुकसान झालं. सगळी नकोत, पण चुकीचा "च" पकडायला शिकवणारं एखादं तरी हवंच.

तो उचलता न येणारा दगड

मोबाईलवर फिरणारा दुसरा प्रश्न: अल्लाह स्वतःला उचलता येणार नाही असा दगड बनवू शकतो का? हो म्हटलं तरी अडचण, नाही म्हटलं तरी अडचण. हा कुदरतचा प्रश्न आहे, इल्मचा नाही, पण उत्तर त्याच घरचं आहे. इमाम सनूसी (मृत्यू १४९०) यांच्या अकीद्याच्या छोट्या पुस्तकात गोष्टींचे तीन प्रकार केले आहेत: वाजिब, म्हणजे जे असलंच पाहिजे, मुम्किन, म्हणजे जे असू शकतं किंवा नसूही शकतं, आणि मुहाल, म्हणजे जे असूच शकत नाही. कुदरत मुम्किनवर चालते. इल्म तिन्हींना व्यापतो. ज्याची कुदरत अमर्याद आहे त्याला न उचलता येणारा दगड ही चौकोनी वर्तुळासारखी गोष्ट आहे. शब्द जुळले, पण वस्तू झाली नाही. "चौकोनी वर्तुळ काढता येत नाही" म्हणून मी भूमितीच्या शिक्षकाचे गुण कापत नाही.

गणिताच्या अंगाने एक आधुनिक आक्षेपही आहे, आणि तो दगडापेक्षा पुष्कळ वजनदार आहे. नववीला संच शिकवतो तेव्हा उपसंचांची संख्या काढतो: ३ घटकांच्या संचाला ८ उपसंच, ४ घटकांना १६. जर्मन गणिती कँटर यांनी १८९१ मध्ये सिद्ध केलं की संच अनंत असला तरी त्याचे उपसंच त्याच्या घटकांपेक्षा जास्तच असतात. आता "सर्व सत्य विधानं" असा संच धरा. त्याच्या प्रत्येक उपसंचाबद्दल निदान एक तरी सत्य विधान आहेच. मग सत्य विधानं त्या संचात मावण्यापेक्षा जास्त झाली. म्हणजे "सर्व सत्यांचा संच" असा काही असूच शकत नाही. अमेरिकन तत्त्वज्ञ पॅट्रिक ग्रिम यांनी यावरून म्हटलं की मग "सर्व काही जाणणारा" ही कल्पनाच टिकत नाही.

आक्षेप हुशार आहे. पण तो गृहीत धरतो की जाणणं म्हणजे विधानांची यादी जवळ बाळगणं. आपलं ज्ञान तसं असतं, हजेरीपटासारखं. अशअरी पंडितांनी हजार वर्षांपूर्वीच म्हटलं होतं की अल्लाहचं इल्म ही एकच सिफत आहे, माहितीच्या तुकड्यांची बेरीज नाही. "असं एकही सत्य नाही जे त्याला माहीत नाही" हे म्हणायला सगळ्या सत्यांचं गाठोडं बांधावं लागत नाही. सूरह अल्-कहफमध्ये समुद्राची शाई झाली तरी रबची वचनं संपणार नाहीत, असा आशय आला आहे. ती कँटरच्या सिद्धतेची आधीच केलेली घोषणा आहे असं मात्र मी म्हणणार नाही. कुरआनमधून विज्ञानाचे शोध काढण्याची जी चढाओढ चालते, तिचा मला कंटाळा आहे.

जिथे मंतिक पुरत नाही

एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. वरचं सगळं इल्मच्या प्रश्नाचं उत्तर आहे. खरा कठीण प्रश्न खल्कचा आहे: सर्व काही अल्लाहच निर्माण करतो, तर माणसाची कृती कोण निर्माण करतं? इथे मोतजिला म्हणाले, माणूस स्वतः. इमाम अशअरी म्हणाले, निर्मिती अल्लाहची, माणूस ती कमावतो, आणि या कमावण्याला त्यांनी "कस्ब" म्हटलं. समरकंदचे इमाम मातुरीदी (मृत्यू ९४४) यांनी माणसाच्या निवडण्याच्या क्षमतेला अशअरींपेक्षा थोडी जास्त जागा दिली. "कस्ब" म्हणजे नक्की काय, हे समजावताना मोठमोठ्यांची दमछाक झाली आहे. पण हे तिघेही अल्लाहला सगळं आधीपासून माहीत आहे यावर एकमत होते. भांडण ज्ञानाचं नव्हतंच. लोक दोन्ही प्रश्न एकत्र कालवतात आणि मग एकाचंही उत्तर लागत नाही.

आणि तळियेत झोळीतलं बाळ का गेलं, याचं उत्तर यातल्या कुठल्याच पायरीत नाही. मंतिक चुकीचं उत्तर ओळखायला शिकवतं. आईच्या शेजारी बसायचं काम वेगळं, तिथे पुस्तक घेऊन जाऊ नये.

पळवाट बंद करणारे दाखले

कुरआनमध्येच हा बचाव एकदा मांडला गेला आणि फेटाळला गेला आहे. सूरह अल्-अनआमच्या १४८ व्या आयतीत मूर्तिपूजक म्हणतात की अल्लाहने इच्छिलं असतं तर आम्ही शिर्क केलंच नसतं. त्यांना उलट विचारलं जातं की याचं काही ज्ञान तुमच्याकडे आहे का, असेल तर दाखवा. तर्काच्या भाषेत सांगायचं तर तकदीरमध्ये काय लिहिलंय हे तुम्हाला कृती करण्याआधी माहीत नव्हतं. जे माहीतच नव्हतं, ते तुमच्या कृतीचं कारण कसं होईल?

हजरत उमर (रजि.) शामकडे निघाले असताना वाटेत सर्ग इथे खबर आली की तिकडे साथ पसरली आहे. सल्लामसलत करून त्यांनी परतायचं ठरवलं. हजरत अबू उबैदा (रजि.) यांनी विचारलं, अल्लाहच्या तकदीरपासून पळता? उमर यांचं उत्तर होतं की हो, एका तकदीरपासून दुसऱ्या तकदीरकडे. आणि मग त्यांनी उंट चारणाऱ्याचं उदाहरण दिलं: दरीची एक बाजू हिरवी, दुसरी ओसाड, कुठेही चारलं तरी ते तकदीरनेच, पण शहाणा माणूस हिरव्या बाजूला नेतो. ही घटना सहीह बुखारीत आहे. डोंगराला भेगा दिसल्यावर वाडी रिकामी करणं हे ईमान कमी असल्याचं लक्षण आहे, असं ज्यांना वाटतं त्यांनी ती जरूर वाचावी. उंट आधी बांध, मग भरवसा ठेव, ही तिर्मिजीतली शिकवण तर सगळ्यांना पाठ आहे. मराठीत "असेल हरी तर देईल खाटल्यावरी" म्हणून ज्या माणसाची टिंगल होते तोच माणूस आपल्याकडेही आहे.

महाडला याचा आणखी एक धडा माहीत आहे. जन्माने जे ठरलं ते मुकाट सोसा, हे सांगणं २० मार्च १९२७ ला चवदार तळ्यावर डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी आणि हजारो लोकांनी झुगारलं. त्याच वर्षी डिसेंबरच्या परिषदेला मंडपासाठी जागा मिळेना, तेव्हा ती महाडच्या फत्तेखान या मुसलमान गृहस्थांनी दिली. "ठरलेलं आहे" हे वाक्य बहुधा वरचा खालच्याला सांगतो, उलट क्वचितच होतं.

आता इमारतीकडे. २०२० च्या दुर्घटनेनंतर बिल्डर आणि इतर काही जणांवर गुन्हा दाखल झाला. कोणाचा किती दोष ते कोर्ट ठरवेल. पण "मौत लिहिली होती, मग केस कशाला" असं जे बोललं गेलं, त्याला फिकहमध्ये अजिबात आधार नाही. चुकून झालेल्या मृत्यूलाही शरीअतमध्ये दियत, म्हणजे भरपाई, आहे. पडक्या भिंतीचं तर वेगळं प्रकरणच आहे. मर्गीनानी (मृत्यू ११९७) यांच्या "हिदाया" या हनफी ग्रंथात कललेल्या भिंतीवर स्वतंत्र भाग आहे: भिंत रस्त्याकडे कलली, मालकाला पाडायला सांगितलं, पाडायला वेळ होता तरी त्याने पाडली नाही, आणि ती पडून कोणी मेलं किंवा कोणाचा माल गेला, तर भरपाई त्याच्यावर. भिंत बांधतानाच कलती बांधली असेल तर सांगण्याचीही गरज नाही. आपल्या शाफई मसलकमध्ये सगळे तपशील जुळत नाहीत, पण मुळातच रस्त्यावर कलती बांधणारा तिथेही जबाबदार आहे. मालकाला सांगितल्याचे साक्षीदार ठेवावेत असंही "हिदाया" सुचवतो, म्हणजे पुढे तो नाकारू शकणार नाही. आणि हे सांगायला कोण जाऊ शकतो? मुसलमान असो वा गैरमुस्लिम, कोणीही, कारण रस्त्यावरून जाण्याचा हक्क सगळ्यांचा आहे.